पाव तास आधीची बांग

आमच्याकडे उपग्रहाचा रेडिओ होता, हे आज सांगतानासुद्धा माझी मान खाली जाते. तेव्हा मात्र ती भलतीच वर होती. नवरा कुवेतला, मी गावच्याच शाळेत भूगोल शिकवणारी, घर रत्नागिरीपासून एसटीने अर्ध्या तासावर, अगदी खाडीच्या काठाला. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. सासूला मी अम्मा म्हणते, सगळी वाडीच म्हणते. नवरा सुट्टीवर येताना मुंबईत उतरला, तिथल्या कुठल्याशा दुकानातून त्याने तो रेडिओ उचलला आणि वर्षाची वर्गणी भरून घरी घेऊन आला. ‘तुम्हा दोघींना संध्याकाळची सोबत,’ म्हणाला. सुट्टी संपल्यावर तो गेला आणि सोबत माझ्या गळ्यात पडली.

दिसायला देखणा होता मेला. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा, वर धरायला मूठ, दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये निळसर उजेडाची एवढीशी पट्टी. गाणं लागलं की त्या पट्टीवर गाण्याचं नाव सरकत जायचं. जाहिराती नाहीत, मध्येच खिदळणारे निवेदक नाहीत. जुनी हिंदी गाणी हवीत तर ती एका ठिकाणी, कानडी एका ठिकाणी, इंग्रजी बातम्या, गोष्टी, कुराणाचं पठण, सगळं आपापल्या जागी. खरखर तर नावाला नाही. पहिल्या दिवशी मी शेजारच्या चाचीला बोलावून आणलं आणि म्हटलं, ‘बघा चाची, हा आवाज सरळ आभाळातून येतोय.’ चाचीने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘आमच्यावर पावसाशिवाय काय पडत नाय, तुमचं नशीब बरा हाय.’ मला तेव्हा ते कौतुकच वाटलं.

आता गुण सांगितले तर दोषही सांगायला हवेत, नाहीतर मी अजून शहाणी झाले नाही असं म्हणाल. खोक्यावर लिहिलं होतं की हा कुठेही न्या. खोक्यावरच्या चित्रात एक जोडपं हिरवळीवर सतरंजी टाकून बसलेलं, मध्ये रेडिओ. कुठेही न्या खरं, पण कुठेही वाजत नाही, हे त्या चित्रात कुठून दिसणार? त्याच्याबरोबर एक चपटी चौकोनी थाळी होती, तळहाताहून जरा मोठी, वायरीने जोडलेली. ती आग्नेयेकडे तोंड करून, आभाळ मोकळं दिसेल अशी ठेवावी लागे. मध्ये भिंत आली की गप्प. कौलं आली की गप्प. माडाची झावळ वाऱ्याने हलली की एक ओळ ऐकू यायची, एक नाही. घरात आणला तर नुसता डबा.

कोकणात मोकळं आभाळ कुठून आणायचं? आमच्या खळ्यात उभं राहिलं की चहूकडे माड, फणस आणि मागे डोंगर. तीन संध्याकाळी मी ती थाळी हातात धरून अंगणभर फिरत होते. अखेर खळ्याच्या कोपऱ्यात, चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, एक जागा सापडली, तिथे बोटभर आभाळ होतं. तेही एका झावळीने अडवलेलं. मी माडावर चढणाऱ्या पाडेल्याला बोलावून ती झावळ तोडायला लावली. हिरवीगार झावळ खाली आली तेव्हा अम्मा पडवीतून बघत होत्या. ‘त्या डब्यासाठी जिवंत झाड छाटतंस?’ एवढंच म्हणाल्या. माझ्या सासूला आरडाओरडा येत नाही. त्या एकदाच बोलतात आणि ते दिवसभर पुरतं.

एकदा तो रेडिओ मी माहेरी राजापूरला मिरवायला नेला. भावाच्या नव्या सासरची माणसं जेवायला येणार होती. एसटीत मांडीवर डबा, बाजूला बसलेला माणूस विचारतोय, लावा की काय ते, आणि मी सांगतेय, बसमध्ये नाही लागत. राजापूरच्या अंगणात सगळी पाहुणेमंडळी खुर्च्या टाकून बसली आणि मी डोक्यावर पदर, हातात थाळी, आभाळाकडे तोंड करून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. भावाच्या सासूने हळूच विचारलं, ‘ताईंचं काय हरवलंय का?’ शेवटी वाजलाच नाही. घरी येताना तोच डबा एसटीत सीटखाली पायाने सरकवून ठेवला.

पावसाळ्यात तर त्याची तऱ्हा वेगळीच. मच्छीमारांना दिलेला इशारा, घाटात दरड पडली का, एसटी बंद आहे का, यातलं त्याला काही ठाऊक नसे. त्यासाठी आमचा जुना ट्रान्झिस्टर खिडकीत होताच. जुना रेडिओ बिघडायला लागला की कुरकुरतो, खरखरतो, आधी सांगून जातो. हा एकदम मुका व्हायचा आणि परत आला की काही झालंच नाही अशा आवाजात पुढे बोलू लागायचा. सेल खायचा तर राक्षसासारखे.

पण त्याचा खरा दोष हा नव्हेच. खरा दोष कुठल्या कागदावर छापलेला नव्हता, आणि तो गुण म्हणूनच विकला जात होता. आमच्या लहानपणी लांबचं स्टेशन लांबचं आहे हे कानाला कळायचं. आवाज लाटेसारखा यायचा, जायचा, मध्ये शिट्ट्या, मध्ये कुणी तिसराच बोलतोय. या डब्यात सगळी माणसं सारख्याच अंतरावर, म्हणजे गडग्यावर बसून बोलायची. दिल्लीचा माणूस असो की सिंगापूरचा, आमच्या खळ्यात. कानाला कोण कुठला ते ओळखू येईना, आणि मी त्यालाच साफ आवाज म्हणून मिरवत होते.

आता अम्मांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावर आलं.

अम्मांना साखरेचा आजार. दोन वेळा गोळ्या. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रोजे बंद केले होते, एकूण एक. रोजा जमत नसेल तर त्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदिया म्हणतात, तो आम्ही दर वर्षी देत होतो. पण ज्या बाईने लहान वयापासून एक रोजा चुकवला नाही, तिला फिदियाने काय समाधान? रमजान आला की अम्मा पहाटे सहेरीच्या जेवणाला माझ्याबरोबर उठायच्या, भाकऱ्या थापायच्या, आणि मग उजाडल्यावर एकट्याच चहा पीत बसायच्या, भिंतीकडे तोंड करून. मला ते बघवायचं नाही.

त्या वर्षी रमजान भाद्रपदात आला. अम्मांनी हट्ट धरला, एक रोजा धरणार. फक्त एक, सत्ताविसावा, मोठ्या रात्रीचा. मी नाही म्हटलं. कुवेतहून फोनवर त्यांचा मुलगा नाही म्हणाला. अम्मा डॉक्टरांसमोर जाऊन बसल्या. ‘तुम्ही म्हणाल ते पथ्य करतो, गोळी मागेपुढे करतो, दिवसभर खाटेवरून उठत नाय, पन एक द्या,’ म्हणाल्या. डॉक्टर तरुण होते, हसले. गोळीची वेळ बदलून दिली, मला बाजूला घेऊन घाम, थरथर, बरळणं यांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, ‘हा एकच हं. दुसरा मागायचा नाही.’ अम्मा घरी येताना एसटीत खिडकीबाहेर बघून हसत होत्या. म्हाताऱ्या माणसाला इतका आनंद झालेला मी फार कमी पाहिलाय.

त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. अम्मा खरंच खाटेवरून उठल्या नाहीत. नमाज बसून पढल्या, तसबीहचे मणी ओढले, माझ्याकडे बघून मधूनमधून ‘मी बरी हाय, तू माझ्या तोंडाकडं बघू नको’ म्हणाल्या. दुपारनंतर आभाळ भरून आलं. पाच वाजता नेहमीप्रमाणे वीज गेली. तेव्हा भारनियमन रोजचंच होतं.

रोजा सोडायचा तो सूर्य बुडाल्यावरच्या बांगेला, पण वीज नसली की मशिदीचा भोंगा बंद, आणि त्या महिन्यात बॅटरीही बसली होती. मशीद वाडीच्या वरच्या टोकाला, आमचं घर खालच्या. बांगीचा, म्हणजे बांग देणाऱ्याचा, नुसता आवाज आमच्यापर्यंत कसा यावा? त्यासाठी आमच्या वाडीची रीत आहे. मशिदीशेजारच्या घरातली बाई बांग ऐकली की खळ्यात येऊन हाक देते, ‘बांग झाली गो!’ ती ऐकून पुढच्या घरची देते, मग तिच्या पुढची. अशी ती हाक घरागणिक खाली उतरत चाचीच्या खळ्यात येते आणि तिथून आमच्याकडे. आमच्या पुढे खाडी. त्यामुळे आम्ही हाक फक्त घ्यायची, द्यायची कुणाला? लग्न होऊन आल्यापासून मी एकदाही ती दिली नव्हती.

संध्याकाळी अम्मा पडवीत चटईवर येऊन बसल्या. समोर ताटलीत खजूर, पाणी, केळं, मी तळलेली भजी. वेळ जाता जात नव्हता, म्हणून मी विचारलं, पठण लावू का? त्या हो म्हणाल्या. मी गडग्यावर रेडिओ ठेवला, थाळीवर प्लास्टिकची पिशवी घातली, आणि अहाहा, त्या दिवशी एवढ्या ढगांत तो एकदाही अडखळला नाही. पठण करणाऱ्या कुणा कारीचा इतका गोड आवाज की अम्मांनी डोळे मिटले. अंधारून आलं. खाडी दिसेनाशी झाली. मग पठण थांबलं, जरा वेळ शांतता, आणि बांग सुरू झाली.

साफ, भरदार, गडग्यावरून. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ बघितलं, त्यात वेळ झालेली नव्हती. आता त्या घड्याळाला मागे पडायची खोड होती, हे खरं. पण मनगटावरचं बघता आलं असतं, ते खुंटीवर होतं. मशिदीचं छापील वेळापत्रक दारामागे होतं, बॅटरी पेटवून ते बघता आलं असतं. मी काय केलं? मी ठरवलं की घड्याळ चुकलं. उपग्रहावरून येणारी गोष्ट चुकेल कशी?

‘अम्मा, घ्या, बांग झाली,’ मी म्हटलं.

अम्मांनी खजूर उचलला आणि हातातच ठेवला. ‘चाचीची हाक नाय आयली.’

‘हाक कशाला हवी? कानांनी ऐकताय ना!’

‘हाक येऊ दे गो.’

आणि मी, दिवसभर त्यांची काळजी करून करून थकलेली, जरा चिडलेली, आणि त्या डब्याच्या जोरावर जरा जास्तच शहाणी, म्हटलं, ‘हाक यायला वेळ लागतो, वर कुणाला ऐकूच गेली नसेल. हे आभाळातून येतंय अम्मा, हे वाडीच्याही आधी येणार.’ आणि एवढ्यावर थांबले नाही. खळ्यात गेले, तोंडाला हात लावला आणि शाळेत प्रार्थनेला रांगा लावताना काढते तो आवाज काढून चाचीच्या घराकडे ओरडले, ‘बांग झाली गो!’

चाची गोंधळली असणार, कारण खालून वर हाक कधी आलीच नव्हती. पण आवाज बाईंचा, बाई शिकलेल्या, बाईंकडे आभाळातला रेडिओ. दोन क्षणांनी तिने वर हाक दिली. मग पुढच्या घरातून आली. मग त्याच्या पुढच्या. मी खळ्यात उभी राहून ती वर चढत जाताना ऐकत होते आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटत होता.

पडवीत आले तर अम्मांनी खजूर तोंडात घातला होता. दुआ म्हणून झाली होती. वरून दोन घोट पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘झाला गो. माझा झाला.’ त्यांचे डोळे भरून आले. मी भज्यांची ताटली पुढे सरकवली.

वर काय झालं ते मला नंतर कळलं, आणि एकाकडून नाही, साऱ्या गावाकडून कळलं. मशिदीच्या ओट्यावर पुरुष खजूर समोर ठेवून बसलेले. बांगी पायरीवर, हातात घड्याळ, अजून अवकाश आहे. आणि खालून बायकांच्या हाका जवळ जवळ येतायत, ‘बांग झाली, बांग झाली.’ बांगीने म्हणे स्वतःचा गळा चाचपला. दोघांतिघांनी खजूर खाऊनही टाकला. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. पाव तासाने त्याने खरी बांग दिली.

ती खरी हाक आमच्याकडे आली तेव्हा आम्ही चहा घेत होतो. वरून हळूहळू, जरा शरमल्यासारखी येत होती. शेवटी चाचीच्या खळ्यातून, अगदी दबक्या आवाजात: ‘भाभी... बांग आता झाली वाटतं.’

माझ्या हातातला कप तसाच राहिला. अम्मांनी आपला खाली ठेवला.

थोड्या वेळात बॅटरीचा उजेड पाणंदीतून खाली येताना दिसला. इमामसाहेब, बांगी आणि जमातीतले एक वयस्कर. खळ्यात उभं राहून त्यांनी विचारलं, पहिली हाक कुणी दिली?

‘मी दिली,’ अम्मा पडवीतून म्हणाल्या. ‘म्हातारी झाली. कान वाजतात माझे.’

कुणी हसलं नाही, पण बांगीने तोंडावर रुमाल धरला. वयस्कर गृहस्थ नरमाईने म्हणाले, ‘अम्मा, आवाज बाईंचा होता. साऱ्या वाडीची पोरं त्या आवाजाला उठून उभी राहतात.’ रमजानच्या सत्ताविसाव्या संध्याकाळी माझ्यासाठी खोटं बोललेली माझी सासू, आणि ते खोटंही माझ्या आवाजाने टिकू दिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे झाले आणि म्हटलं, मी दिली, रेडिओवरची ऐकून दिली.

‘रेडिओवर कुठली बांग होती?’ इमामसाहेबांनी विचारलं.

आणि तेव्हा, तोंड उघडून उत्तर द्यायच्या आत, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते स्टेशन आमच्याहून पूर्वेकडच्या एका शहराचं होतं. सूर्य तिकडे आधी बुडतो. एका रेखावृत्ताला चार मिनिटं, चार रेखावृत्तांना पाव तास. त्याच आठवड्यात मी हे फळ्यावर काढून सातवीकडून घोकून घेतलं होतं, एकाला येईना तर त्याला बाकावर उभं केलं होतं. मी इमामसाहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. रेखावृत्त हा शब्द उच्चारला नाही एवढं नक्की.

इमामसाहेब भले माणूस. म्हणाले, ‘गुन्हा नाही, चूक आहे. ज्यांनी ज्यांनी आधी सोडला, त्यांनी ईदनंतर बदली एक रोजा धरायचा. होतं असं.’ ते वळले. तेवढ्यात अम्मा म्हणाल्या, ‘आनि माझा?’

तिघेही थांबले. अम्मांना एकच रोजा मिळालाय हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? आठवडाभर त्या सांगत होत्या.

‘तुम्हाला आजारपणाची माफी आहे अम्मा. तुमचा फिदिया दिला की झालं.’

‘म्हंजे आजचा झाला नाय.’

इमामसाहेबांनी बॅटरीचा उजेड खाली वळवला. मग म्हणाले, ‘नाही झाला.’

‘बरा,’ अम्मा म्हणाल्या आणि भज्यांची ताटली आत घेऊन गेल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, ईदच्या सकाळी शिरखुर्मा ढवळताना नाही. त्यांनी मला धरून ताडताड बोलायला हवं होतं. मी वाट बघत होते त्याची.

वाडीने मात्र कसर भरून काढली. ईद झाल्यावर बायका एकेक करून बदलीचा रोजा धरू लागल्या. त्या दिवशी ती बाई आमच्या दारावरून मुद्दाम जायची. ‘भाभी, आज तुमचा रोजा धरलाय बरं का!’ विहिरीवर गेले की कुणीतरी विचारायचं, ‘बाई, आज सूर्य कुठल्या गावचा?’ पोरं शाळेच्या कुंपणामागून ‘बांग झाली गो’ ओरडून पळायची, आणि त्यांना शिक्षा तरी कुठल्या तोंडाने करायची? मी हसून घ्यायचे. चेष्टा सोसता येते. माझाही बदलीचा रोजा मी धरला, पहिल्याच आठवड्यात. चाचीने तिचा धरला. सगळ्यांनी फेडून टाकलं आणि मोकळे झाले. राहिला तो एकच.

अम्मांनी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. डॉक्टर म्हणाले, तपासणी बरी नाही आली, आता विषयच काढू नका. अम्मांनी मान हलवली, फिदियाचे तांदूळ मोजून गरिबाघरी पोचवले. मला वाटलं, सुटलो. रेडिओ मी केव्हाच कपाटात टाकला होता. पुढे त्या लोकांनी धंदाच बंद केला म्हणे, वर्गणी भरलेली असो नसो, सगळीकडचे डबे एका झटक्यात मुके झाले. कळल्यावर मला काडीचं दुःख झालं नाही.

भातकापणी सुरू होती तेव्हाची गोष्ट. उन्हाचा कडाका होता. मी शाळेतून घरी आले. अम्मा मागच्या पडवीत खाटेवर आडव्या. एवढ्या उजेडी त्या कधी झोपत नाहीत. जवळ गेले तर कपाळावर घाम, हात थरथरतायत, डोळे अर्धे उघडे. ‘अम्मा?’ म्हटलं तर भलतंच काही बोलल्या, कुणा लहानपणीच्या मैत्रिणीशी बोलावं तसं. स्वयंपाकघरात धावले साखर घ्यायला, तर चुलीशेजारी सकाळी मी करून ठेवलेला चहा, वर साय धरून तसाच. दुपारच्या भाकरीवरचं झाकणही काढलेलं नव्हतं.

या अल्ला! तेव्हा कळलं मला. कुणाला न सांगता, पहाटे उठून, त्यांनी रोजा धरला होता. तो एक फेडायला.

साखरेचं पाणी केलं, अर्धं सांडलं. एका हाताने त्यांचं डोकं उचललं, दुसऱ्याने पेला ओठांना लावला. ओठ घट्ट मिटलेले. ‘प्या अम्मा, हात जोडते, प्या.’ त्यांनी मान फिरवली. जिवावर बेतलं तर रोजा सोडावा, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत. पण शुद्धीत नसलेल्या माणसाला काय समजावणार? मला डॉक्टरांचे शब्द आठवत होते. मी रडायला लागले होते, ते मला कळलंही नाही.

‘बांग?’ अम्मांनी विचारलं. ओठ हलले इतकंच.

पश्चिमेच्या अंगाने उन्हं सरळ पडवीत आली होती. वीज होती, मशिदीचा भोंगा ठणठणीत होता, बांग व्हायला अजून कितीतरी अवकाश होता.

‘झाली,’ मी म्हटलं. ‘झाली अम्मा, आत्ताच झाली. चाचीची हाक आली. घ्या आता.’

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, असं मला वाटलं. मग अर्धवट पुटपुटत दुआ म्हटली, सगळी म्हटली, आणि तोंड उघडलं. घोट घोट करून सगळा पेला प्यायल्या. मी आणखी केला, तोही प्यायल्या. हळूहळू घाम सुकला, हात गार होते ते ऊबदार झाले. डोळे मिटून पडून राहिल्या. मी त्यांचे पाय चेपत खाटेच्या कडेला बसले. पायांवरचं ऊन भिंतीवर गेलं, भिंतीवरून कौलाखालच्या वाशांवर गेलं आणि विझलं.

मग भोंगा कुरकुरला आणि बांग सुरू झाली. अम्मांनी डोळे उघडले. पदर डोक्यावर ओढून घेतला, बांग संपेपर्यंत ऐकली.

आता लपवायचं काय राहिलं होतं? मी म्हटलं, ‘अम्मा, मघाशी मी खोटं बोलले. बांग झाली नव्हती.’

‘मना म्हायत होता,’ त्या म्हणाल्या. ‘ऊन माझ्या पायांवर होतं.’

‘मग का प्यायलात?’

अम्मा उठून बसायला लागल्या, मी हात दिला. तो धरून त्या म्हणाल्या, ‘तू रडत होतीस गो.’

आणि उठून नमाजाआधीचं वजू करायला, हातपाय धुवायला गेल्या.

पुढच्या रमजानात डॉक्टरांनी आपणहून विचारलं, तब्येत बरी आहे, एखादा धरायचाय का? अम्मांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांना नको म्हणाल्या.